ग्लुटेन-फ्री म्हणजे शून्य नाही, मग २० चा आकडा आला कुठून?

पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलंय म्हणजे आत ग्लुटेन (गहू, जव आणि राय या धान्यांतलं प्रोटीन) अजिबातच नाही असं बहुतेकांना वाटतं, पण बऱ्याच देशांत त्याचा अर्थ एवढाच की किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर नाही. सिलिअ‍ॅक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्या प्रत्येकाने हे नीट माहीत करून घ्यायलाच हवं.

मुळात गव्हाचा आणि या आजाराचा संबंध कळायलाच फार उशीर झाला. १८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युअल जी यांनी आजाराचं नेमकं वर्णन केलं, खाण्यातूनच बरं वाटेल असंही सांगितलं, पण नेमकं काय सोडायचं ते ठाऊक नव्हतं. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना १९३० च्या दशकातच गव्हाचा संशय होता, त्यात १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला आणि एरवी आजारी असणारी मुलं चक्क सुधारली, पुढे १९५० च्या प्रबंधात त्यांनी ते सगळं मांडलं.

लेबलचं कोडं मात्र इथून पुढे सुरू होतं, कारण सोडायचं काय ते कळलं तरी पदार्थात ते किती उरलंय हे मोजायचं कसं? कोडेक्सच्या (खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) १९७९ च्या मानकात चक्क नायट्रोजन मोजायचा नियम होता, म्हणजे प्रोटीनचा नुसता अंदाज! नंतर थेट ग्लुटेन पकडणारी एलायझा टेस्ट आली. २००७ मध्ये इटलीतल्या कातासी यांच्या टीमने दाखवलं की रोज ५० मिलिग्रॅम, तेही फक्त ९० दिवस, एवढ्यानेही आतड्याला इजा होते. २००८ मध्ये कोडेक्सने २० ची मर्यादा घातली, अमेरिकेने २०१३ मध्ये तीच घेतली.

लपलेलं ग्लुटेन हा वेगळाच ताप आहे. अमेरिकेच्या २००४ च्या अ‍ॅलर्जी कायद्यात गव्हाचं नाव स्पष्ट लिहायची सक्ती झाली पण जव आणि राय राहूनच गेले, त्यामुळे माल्ट एक्स्ट्रॅक्ट वाचून ते बहुधा जवाचं असतं हे आपणच ओळखायचं, आणि व्हीट-फ्री म्हणजे ग्लुटेन-फ्री असं तर मुळीच धरू नका. ओट्समध्ये शेतात नाहीतर गिरणीत गहू मिसळतो. ‘अंश असू शकतो’ ही ओळ अमेरिकेत आणि युरोपात कंपन्या स्वतःहून टाकतात, म्हणून ती नसली तरी निर्धास्त होता येत नाही.

आंबवलेल्या पदार्थांत तर ग्लुटेनचे तुकडे होतात आणि नेहमीची टेस्ट ते नीट मोजूच शकत नाही, म्हणून २०२० मध्ये अमेरिकेने नियम केला की ग्लुटेन-फ्री लिहायचं असेल तर आंबवण्याआधीच कच्चा माल ग्लुटेन-फ्री होता याच्या नोंदी कंपनीने ठेवायच्या.