मोबाइल अ‍ॅपची सुगम्यता (बेळगाव सीमाभाग)

अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर किंवा हाताची हालचाल मर्यादित असलेल्या माणसाला दुसऱ्याची मदत न घेता अ‍ॅप वापरता येणे, म्हणजे सुगम्यता. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी भाषकांपुढे याशिवाय लिपीचाही प्रश्न उभा राहतो.

अंध व्यक्ती फोन कानाने चालवते. २००९ पासून अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर हे स्क्रीन रीडर आहेत. बोट ठेवले की त्याखाली काय आहे ते ऐकू येते, दोनदा टकटक केले की ते उघडते. बटणाला नाव देणे हे मात्र अ‍ॅप बनवणाऱ्याचे काम. ते राहून गेले की भरा, रद्द करा आणि मागे जा या तिन्ही जागी फोन नुसते ‘बटण’ म्हणतो. वीजबिल भरताना यातले नेमके कोणते दाबायचे?

सीमाभागातल्या फोनवर कन्नड, मराठी आणि इंग्रजी एकाच पडद्यावर नांदतात. कन्नड लिपी दिसताच कन्नड आवाज निवडता येतो. देवनागरीचे तसे नाही, कारण हिंदीही तिच्यातच लिहितात. मजकुराची भाषा अ‍ॅपने आतून नोंदवली नसेल, तर मराठी मजकूर हिंदी आवाजाच्या तोंडी जाऊ शकतो आणि ‘चार’ व ‘चारा’ यांतला च एकसारखाच ऐकू येतो. त्यापेक्षा वाईट म्हणजे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेली सूचना. चित्रातला मजकूर ओळखून वाचणारे वेगळे साधन नसेल, तर ती कोणत्याच भाषेत वाचली जात नाही. गंमत अशी की भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या बोटांनी वाचायच्या उठावदार ठिपक्यांच्या लिपीत, मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांचे ठिपके एकच आहेत, पहिला आणि तिसरा. डोळ्यांना दिसणारा लिपीभेद बोटांना जाणवत नाही.

बाकीच्या गरजा सोप्या आहेत, तरी वगळल्या जातात: व्हिडिओखाली शब्द, थरथरत्या बोटालाही सापडेल एवढे बटण (अँड्रॉइडची शिफारस सुमारे ९ मिलिमीटरची), आणि अक्षर व पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका उजेडाचा फरक.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा इलेक्ट्रॉनिक माध्यमांतल्या मजकुरालाही लागू आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतो, असा निकाल दिला. प्रकरण ऑनलाइन केवायसीचे, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवून घेण्याचे होते. समोर जिवंत माणूस आहे हे पटवण्यासाठी अ‍ॅप डोळे मिचकवायला सांगते. याचिकाकर्त्यांमध्ये अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्ती होत्या, अंध व्यक्तीही होती. पर्यायी पद्धती देण्याचे निर्देश न्यायालयाने दिले. मिचकवण्याची ती सूचना कोणत्या भाषेत ऐकू यावी, हा सीमाभागातला प्रश्न त्या प्रकरणाचा विषय नव्हता.