सायरस मॅकॉर्मिक आणि कापणी यंत्राची पार्श्वभूमी

गहू एकदा पिकला की कापणीसाठी शेतकऱ्याच्या हाती मोजकेच दिवस उरतात. नंतर दाणे झडू लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत जमीन मुबलक होती, पण ऐन सुगीत मजूर मिळत नसत आणि लांब दांड्याच्या विळ्याने कसलेला माणूससुद्धा दिवसाकाठी दोन-तीन एकरच कापू शके. त्यामुळे पेरा किती करायचा, हे कापणीच्या ताकदीवर ठरत असे.

सायरस मॅकॉर्मिक यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८०९ रोजी व्हर्जिनियातील शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे वडील रॉबर्ट कित्येक वर्षे कापणी यंत्राच्या खटपटीत होते, पण त्यांना यश आले नाही. १८३१ मध्ये सायरस यांनी निराळी मांडणी करून घोड्याने ओढायचे यंत्र उभ्या पिकात चालवून दाखवले. मागेपुढे सरकणारे दातेरी पाते, ताटे जागच्या जागी धरणारी बोटे, पीक पात्याकडे झुकवणारे फिरते चक्र आणि कापलेले पीक झेलणारी फळी ही त्याची मुख्य अंगे होती. ते घडवण्यात जो अँडरसन या, मॅकॉर्मिक कुटुंबाने गुलामगिरीत ठेवलेल्या, माणसाचे हात राबले. १८३४ चे पेटंट मात्र एकट्या सायरस यांच्या नावावर आहे. अँडरसन यांना वगळून या यंत्राचा इतिहास प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

शिवाय ओबेड हसी यांनी १८३३ मध्येच अशा यंत्राचे पेटंट घेतले होते. म्हणून मॅकॉर्मिक यांचे खरे कर्तृत्व शोधापेक्षा कारखानदारीत पाहावे, असे मला वाटते. १८३७ च्या मंदीत त्यांचा लोखंडाच्या भट्टीचा धंदा बुडाला. १८४२ मध्ये त्यांची अवघी ७ यंत्रे विकली गेली, तर १८४४ मध्ये ५०. गव्हाचा पट्टा पश्चिमेकडील सपाट मुलखात सरकत आहे हे ओळखून त्यांनी १८४७ मध्ये शिकागोत कारखाना उभारला. तेव्हा तिथे रेल्वेसुद्धा पोहोचलेली नव्हती. ठरलेली किंमत, लेखी हमी, गावोगावचे एजंट, आणि थोडी रक्कम आधी घेऊन बाकीची सुगी झाल्यावर फेडण्याची सवलत, ही त्यांची पद्धत होती. हातात रोकड नसलेल्या शेतकऱ्याला यंत्र परवडले ते या उधारीमुळेच. १८४८ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि ती वाढवून मिळाली नाही, तरी विक्रीच्या याच जाळ्यावर त्यांचा धंदा स्पर्धेत तगला.

१८५१ च्या लंडन प्रदर्शनात आरंभी या यंत्राची थट्टा झाली. पण इंग्लंडमधील शेतात ते चालवून पाहिल्यावर त्याला मानाचे पदक मिळाले. १८७१ च्या आगीत शिकागोचा कारखाना जळाला, तो त्यांनी पुन्हा मोठ्या प्रमाणावर बांधला. १३ मे १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. १९०२ मध्ये त्यांची कंपनी इतर कंपन्यांसह इंटरनॅशनल हार्वेस्टरमध्ये विलीन झाली, आणि याच इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीतून १९६३ मध्ये महिंद्रांचा ट्रॅक्टर व्यवसाय मुंबईत सुरू झाला.