लुईझियानातील क्रिओल कुटुंबांचा वारसा : जपलेले आणि दडवलेले कागद

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात, विशेषतः न्यू ऑर्लिन्स शहरात आणि नॅकटिश गावाजवळच्या केन नदीच्या काठी, स्वतःला क्रिओल म्हणवणारी शेकडो जुनी घराणी आहेत. फ्रेंच आणि स्पॅनिश वसाहतवाले, गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी आणि तिथले मूलनिवासी यांच्या संबंधांतून आलेली ही कुटुंबे मुख्यतः कॅथलिक आहेत आणि दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत त्यांच्या घरात फ्रेंच किंवा क्रिओल नावाचीच फ्रेंचवर आधारलेली बोली बोलली जाई. आज ही कुटुंबे आजीची जपमाळ, बाप्तिस्म्याचा दाखला, जुने फोटो आणि जमिनीची खरेदीखते एकत्र करून त्यांच्या प्रती काढून ठेवत आहेत. या कामामागे केवळ जुन्याची ओढ नाही. या समाजाला घरातल्या कागदाने एका शतकात संरक्षण दिले आणि पुढच्या शतकात तोच कागद जाचक ठरला. काय टिकले आणि काय नाहीसे झाले हे या उलटापालटीतून ठरले.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लुईझियाना स्पेनच्या ताब्यात होते. स्पॅनिश कायद्यानुसार गुलामाला स्वतःची किंमत ठरवून घेऊन ती फेडता येत असे, त्यामुळे मुक्त कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय लोकांचा एक मोठा वर्ग उभा राहिला. पुढे हैतीतील क्रांतीमुळे परागंदा झालेले नऊ हजारांहून अधिक लोक 1809-10 मध्ये क्यूबामार्गे न्यू ऑर्लिन्सला आले. त्यांत सुमारे एक तृतीयांश मुक्त मिश्रवर्णीय होते. या लोकांचे स्वातंत्र्य कागदावर अवलंबून होते. मुक्तिपत्र हरवले तर माणूस पुन्हा गुलामगिरीत ओढला जाण्याची भीती असे, आणि अमेरिकी राजवटीत 1830 च्या कायद्याने राज्याबाहेरून येऊन स्थायिक झालेल्या मुक्त लोकांवर नोंदणीची सक्तीही आली. म्हणून मुक्तिपत्र, विवाहाचा दाखला आणि घराचे खरेदीखत ही कागदे दागिन्यांइतकीच काळजीने ठेवली जात.

लुईझियानात फ्रेंच-स्पॅनिश परंपरेची नोटरी पद्धत होती, हे या वंशजांचे भाग्यच म्हणावे लागेल. विक्री, कर्ज, मृत्युपत्र, लग्नाचा करार असे सारे व्यवहार नोटरीसमोर होत आणि मूळ कागद नोटरीच्याच दप्तरात राहत असे. त्या दप्तरांचा न्यू ऑर्लिन्समधील संग्रह आज कोट्यवधी पानांचा आहे. माणूस वारला की त्याच्या घरातील पलंग, आरसे, भांडी, चमचे यांची किमतीसह यादी केली जाई, त्यामुळे ज्या घरातील एकही वस्तू उरलेली नाही त्या घराचा संसारही आज डोळ्यांसमोर उभा करता येतो. चर्चच्या वह्यांचेही तसेच आहे. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्यांत आपल्याला पूर्वजांची नावे सापडतात, तशी ती इथे बाप्तिस्म्याच्या वह्यांत सापडतात. फरक एवढाच की गोऱ्यांची वही वेगळी आणि इतरांची वेगळी असे, आणि नावापुढे मुक्त की गुलाम आणि कोणत्या वर्णाचा हे लिहिलेले असे.

या कागदांचे मोल केन नदीकाठच्या मेत्वाये घराण्याच्या इतिहासात विशेष दिसते. या घराण्याची मूळ स्त्री मारी तेरेझ क्वांक्वां 1742 मध्ये नॅकटिश येथे गुलाम म्हणून जन्मली. क्लोद तोमा प्येर मेत्वाये या फ्रेंच व्यापाऱ्यापासून तिला दहा मुले झाली आणि त्याने 1778 मध्ये तिला मुक्त केले. दोघे 1786 मध्ये विभक्त झाले तेव्हा तिला 68 एकरांच्या आसपास जमीन आणि वार्षिक तनखा मिळाला. तिने त्या जमिनीवर शेती केली, पैसा जोडला आणि आपली मुले एकेक करून सोडवली. 1802 मध्ये उरलेल्या मुलांच्या मुक्तीसाठी तिने तो तनखाही सोडून दिला. हे सारे करारांत आणि खतांत नोंदलेले आहे. याच कागदांतून हेही कळते की तिने आणि तिच्या मुलांनी पुढे स्वतः गुलाम बाळगले. घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या आठवणींत हा भाग बहुधा गळतो. तो सांगितल्याशिवाय वारसा जपला असे म्हणता येणार नाही, असे मला वाटते, कारण त्या गुलामांचेही वंशज आज त्याच परिसरात आपल्या पूर्वजांचा शोध घेत आहेत.

कागद आणि कथा यांत तफावत पडते ती अशीही. केन नदीकाठचा मेलरोझ मळा क्वांक्वांनेच वसवला, ही समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. 1970 च्या दशकात अभिलेख तपासल्यावर ती जमीन तिचा मुलगा लुई याला 1796 मध्ये मिळाल्याचे स्पष्ट झाले. मेत्वायेपासून झालेला तिचा थोरला मुलगा निकोला ऑगुस्तँ याचे तैलचित्र केन नदीकाठच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये आहे. त्यात तो उभा राहून, आपल्या कुटुंबाने बांधलेल्या त्या चर्चकडे हात करून दाखवतो आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये हेन्रिएट डलील या मुक्त मिश्रवर्णीय स्त्रीने 1842 मध्ये कॅथलिक जोगिणींचा (नन) संघ स्थापन केला. तिच्या प्रार्थनापुस्तकात तिने 1836 मध्ये स्वहस्ते फ्रेंचमध्ये लिहिलेल्या ओळी संघाने आजवर जपल्या आहेत. देवावर माझा विश्वास आहे आणि त्याच्यासाठीच मला जगायचे व मरायचे आहे, असा त्यांचा आशय आहे.

गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकी यादवी युद्धानंतर चित्र पालटले. न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल नागरिकांनी 1891 मध्ये समिती स्थापून रेल्वेतील वर्णभेदाला आव्हान दिले, पण त्यासाठी उभ्या केलेल्या होमर प्लेसी या क्रिओल गृहस्थाच्या खटल्यात 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विभक्त वागणूक वैध ठरवली. त्या समितीतील रोदोल्फ देदून यांनी आपल्या समाजातील कर्तबगार माणसांच्या आठवणी फ्रेंचमध्ये लिहून काढल्या. त्या 1911 मध्ये मॉन्ट्रियलला छापल्या गेल्या. इतर अनेकांनी मात्र उलटी वाट धरली. उजळ वर्णाचे लोक दुसऱ्या शहरात जाऊन गोरे म्हणून राहू लागले आणि त्यासाठी आजीचा फोटो भिंतीवरून उतरवणे, पत्रे फाडणे, भावंडांशी संबंध तोडणे त्यांना भाग पडले. न्यू ऑर्लिन्सच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात 1950 आणि 60 च्या दशकांत कृष्णवर्णीय वंशाचा संशय असलेल्या आडनावांची यादी ठेवून जन्मदाखले अडवले जात. एका महिलेला 1977 मध्ये पारपत्रासाठी अर्ज करताना आपली नोंद कृष्णवर्णीय म्हणून झाल्याचे कळले आणि तिने राज्यावर खटला भरला. बत्तिसाव्या हिश्शाहून अधिक आफ्रिकी रक्त असल्यास कृष्णवर्णीय ठरवणारा 1970 चा कायदा त्यानंतर 1983 मध्ये रद्द झाला. तिची नोंद मात्र न्यायालयाने बदलली नाही.

भाषेवरचा आघात याच काळातला. 1921 च्या राज्यघटनेने शाळांतून इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील शिक्षण बंद केले, त्यामुळे घरात फ्रेंच पत्रांची पेटी असूनही ती वाचता न येणारी नातवंडे तयार झाली. वृद्धांचे आवाज ध्वनिमुद्रित करण्याची घाई आज दिसते तिचे हे एक कारण आहे.

संघटित जतनाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गती आली. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची कागदपत्रे जपणारे ॲमिस्टॅड संशोधन केंद्र 1970 मध्ये न्यू ऑर्लिन्सला आले, केन रिव्हर क्रिओल राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान 1994 मध्ये स्थापन झाले आणि नॅकटिशच्या विद्यापीठात क्रिओल वारसा केंद्र सुरू झाले. ऑगस्ट 2005 मधील कॅटरिना चक्रीवादळानंतर बंधारे फुटून शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला, तेव्हा ट्रंकांतले अल्बम आणि कागद चिखलात भिजले. ओले फोटो एकमेकांना चिकटून वाळले की ते वेगळे करता येत नाहीत. ते स्वच्छ पाण्यात अलगद धुऊन, चित्र वर ठेवून सुटे वाळवावे लागतात, आणि तेवढा वेळ नसेल तर गोठवून ठेवावे लागतात. ज्यांच्या नातेवाइकांनी लॉस एंजेलिस किंवा शिकागोला जाताना एखादी प्रत सोबत नेली होती, त्यांना ती परत मिळाली.

आता शोध बहुधा तुटलेल्या शाखांचा असतो. 1930 पासून जनगणनेत मिश्रवर्णीय हा रकाना उरला नाही, त्यामुळे 1920 मध्ये त्या रकान्यात असलेला माणूस दहा वर्षांनी गोरा म्हणून नोंदलेला आढळतो आणि त्याच्या भावाची नोंद कृष्णवर्णीय म्हणून असते. जनुकीय चाचणीतून अशा भावांची नातवंडे एकमेकांना सापडतात. एका बाजूकडे फोटो आणि दाखले असतात, दुसरीकडे काहीच नसते. मग पहिल्या बाजूकडील अल्बमच्या प्रती दुसरीकडे पाठवल्या जातात आणि फोटोतील कोण कोण आहे हे विचारायला जिवंत वडीलधाऱ्यांना दूरध्वनी केले जातात.