टेपमधला चेहरा टिपताना

जुन्या व्हीएचएस टेपमधला एखादा चेहरा फोटो म्हणून जपून ठेवावासा वाटतो. टेप लावायची, हवा तो क्षण आला की पॉज दाबायचं आणि संगणकावर चित्र टिपायचं, असंच आपल्याला सुचतं. पण पॉज दाबला की निम्मं चित्र तिथेच हातचं जातं.

कारण टेपवर अख्खं चित्र असं कुठे नसतंच. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा, त्यांतल्या दिसणाऱ्या ५७६. आधी एकाआड एक अशा निम्म्या रेषा येतात आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या. या प्रत्येक अर्ध्या चित्राला ‘फील्ड’ म्हणतात. टेपवर प्रत्येक फील्ड एका तिरक्या पट्टीत नोंदलेलं असतं. पॉजमध्ये घरगुती व्हीसीआर बहुधा एकच फील्ड पुन्हा पुन्हा वाचतो. शिवाय टेप थांबल्यामुळे ती वाचणाऱ्या फिरत्या हेडची वाट त्या पट्टीशी नीट जुळत नाही, म्हणून पडद्यावर पांढुरके पट्टे उमटतात. तेव्हा टेप चालूच ठेवावी, तो सगळा भाग संगणकात उतरवून घ्यावा आणि हवी ती फ्रेम, म्हणजे दोन फील्ड मिळून झालेलं पूर्ण चित्र, नंतर निवांत निवडावी.

टेपवरचं चित्र संगणकात उतरवणारं कॅप्चर कार्ड टेपवरून येणारा विद्युतदाब सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा मोजतं. हे प्रमाण १९८२ साली ठरलं. त्यातून दर रेषेला ७२० बिंदू मिळतात. व्हीएचएसमधला आडवा तपशील जेमतेम २४० उभ्या रेषांइतका, त्यामुळे याहून मोठं चित्र टिपून काही हाती लागत नाही. फक्त हे बिंदू चौरस नसतात. रुंदी साधारण ७६८ केली नाही, तर माणसं उगाच सडपातळ दिसतात.

माणूस हलत असेल तर कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात, कारण दोन क्षणांचे दोन हात एकाच फ्रेममध्ये आलेले असतात. अशा वेळी एक फील्ड सोडून द्यावं लागतं आणि उरलेल्या २८८ रेषांमधल्या फटी सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. बारकावे जातात, पण क्षण खरा राहतो. चेहऱ्यासाठी मी हा सौदा नेहमी पत्करतो.

माणूस आणि कॅमेरा दोन्ही स्थिर असतील, तर मात्र फार सुंदर गोष्ट करता येते. लागोपाठच्या १६ फ्रेमची सरासरी काढायची. टेपची खरखर प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी, चेहरा मात्र तोच. त्यामुळे खरखर सुमारे पाव उरते आणि आतापर्यंत न दिसलेली भुवईची रेघ वर येते.