कुंडीच्या तळाशी खडी घातली की निचरा होतो? उलटंच!

पानं पिवळी पडली, माती ओलीच राहते, म्हणून कुंडी बदला आणि तळाशी चार बोटं खडी किंवा विटांचे तुकडे घाला, हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. तो चुकीचा आहे.

बारीक माती केशाकर्षणाने, म्हणजे कणांमधल्या बारीक फटींत ओढून, पाणी धरून ठेवते. खडीतल्या मोठ्या फटींत ते सहजी उतरत नाही. खडीला टेकलेली माती पूर्ण भिजली की मगच ठिबकतं. त्यामुळे एरवी तळाशी राहणारा चिखलाचा पट्टा चार बोटं वर, थेट मुळांत सरकतो. भांडी घासायचा ओला स्पंज खडीवर ठेवून पाहा, तो कोरडा होत नाही. भोकावर एक पालथी खापरी पुरे, तीही फक्त माती अडवायला.

निचरा मातीतच हवा: 2 भाग माती, 1 भाग गांडूळखत, 1 भाग जाड वाळू किंवा परलाइट (रोपवाटिकेत मिळणारे पांढरे, हलके दाणे). बारीक वाळू नको, ती फटी बुजवते. काळी, लिबलिबीत म्हणजे कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा. नवी कुंडी उरलेल्या मुळांच्या गड्ड्यापेक्षा 4-5 सेंमीच रुंद घ्या. फार मोठ्या कुंडीत मुळं नसलेली माती ओलीच राहते आणि कुज पुन्हा सुरू होते.

मुळं जवळपास संपलीच असतील तर कुंडी बदलण्यात वेळ घालवू नका, छाट घ्या, म्हणजे फांदीच्या तुकड्यापासून नवं रोप करा. जास्वंदाची 10 ते 15 सेंमी निरोगी फांदी पेराच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) लगेच खाली कापा, वरची दोन पानं ठेवा, ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) सावलीत लावा. मनीप्लँटची छाट पाण्यात ठेवलीत तर निदान एक पेर बुडालं पाहिजे. नुसत्या पानाला मुळं फुटली तरी वेल होत नाही.