लॅपटॉपला वायफाय मिळेना? आम्हाला फोन करण्याआधी एवढं बघा

लाईट जाऊन आली की आमच्या दुकानातला फोन वाजायला लागतो. यातल्या बऱ्याच तक्रारी घरबसल्या सुटतात. फक्त बिघाड लाइनमध्ये आहे, राउटरमध्ये की लॅपटॉपमध्ये, हे आधी ठरवायला हवं.

त्यासाठी मोबाईल घ्या, त्याचा डेटा बंद करा आणि घरच्या वायफायवर काहीतरी उघडून बघा. डेटा बंद करायचं विसरून "मोबाईलवर तर नेट मस्त चालतंय" असं सांगणारे आम्हाला रोज भेटतात! मोबाईलवरही चालत नसेल तर लॅपटॉपला हात लावू नका. फायबरच्या डब्यावरचा 'एलओएस' (सिग्नल येत नसल्याचा) दिवा लाल असेल तर केबल बहुधा तुटली किंवा दबली आहे, ते काम आमचं. लाल नसेल तर राउटर बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करून दोन-तीन मिनिटं द्या.

मोबाईल चालतो आणि लॅपटॉपच अडतो, तर आधी विमानाचं चिन्ह शोधा. कीबोर्ड पुसताना एअरप्लेन मोड सुरू झालेला असतो. वायफायचा पासवर्ड बदलला असेल तर लॅपटॉप जुनाच धरून बसतो. तिथे नेटवर्क 'फरगेट' करून नव्याने जोडा.

वायफायचं नाव यादीत दिसतच नाही? राउटर बहुधा दोन नावं देतो, एक 2.4 गिगाहर्ट्झचं, एक 5 चं. जुन्या बऱ्याच लॅपटॉपना 5 वालं दिसतच नाही, त्यांना 2.4 वरच जोडा. 5 ला वेग जास्त, पण भिंती ओलांडताना ते दमतं. राउटर लोखंडी कपाटामागे किंवा मायक्रोवेव्हशेजारी ठेवला असेल तर आधी तो हलवा. शोभेला नको म्हणून टीव्हीमागे लपवलेल्या राउटरकडून आतल्या खोलीत रेंजची अपेक्षा ठेवू नये.

'कनेक्टेड' दिसतं पण काहीच उघडत नाही, तेव्हा नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही4 पत्ता (राउटर लॅपटॉपला देतो तो नंबर) बघा. तो 169.254 ने सुरू होत असेल तर लॅपटॉपला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. दोन्ही बंद करून चालू करा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सोय) बंद करून बघा. आणि घड्याळ! जुन्या लॅपटॉपमधली छोटी बॅटरी संपली की तारीख मागे जाते, मग सुरक्षित साइट उघडायला ब्राउझर नकार देतो. तारीख दुरुस्त केली की काम होतं.

एक विनंती. राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसू नका. ते रीस्टार्टचं नाही, रीसेटचं बटण आहे. त्याने आम्ही भरलेलं लॉगिन आणि तुमचा पासवर्ड, सगळं पुसलं जातं, आणि मग आमचा माणूस घरी येईपर्यंत मोबाईलवरचं वायफायचं नेटही बंद राहतं.