कुपीवरचा चौकोन

"अहो ताई, मागच्या रविवारीच पाजला होता, आता परत कशाला?" पंचवटीतल्या पोलिओ बूथवर एखाद्या आजीचा हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर त्या दोन थेंबांतच आहे.

तोंडावाटे देतात ती लस जिवंत असते. पोलिओचाच विषाणू, पण अशक्त केलेला. तो बाळाच्या आतड्यात जाऊन वाढला, तरच शरीर त्याला ओळखायला शिकतं. आतड्यात आधीच दुसऱ्या विषाणूंनी ठाण मांडलं असेल, तर लसीला तिथं थारा मिळत नाही. डोस लागू पडला की फुकट गेला, हे बाळाकडे बघून कळत नाही. म्हणून पुन्हा पाजायचा. जादा झाला तरी चालतो. सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, मग नवव्या महिन्यात दंडावर सुई देतात, ती निराळी. ती लकव्यापासून वाचवते, पण आतड्याची राखण थेंबच जास्त चांगली करतात.

जिवंत असल्यामुळेच या लसीला ऊन सोसत नाही. आशाताईच्या खांद्यावरच्या डब्यात बर्फ असतो तो यासाठी. त्यातली कुपी एकदा जवळून बघा. तिच्यावर जांभळट वर्तुळ आणि आत फिकट चौकोन दिसेल. जसजशी उष्णता लागते तसतसा चौकोन गडद होत जातो, आणि नंतर कितीही गार केलं तरी तो पुन्हा फिकट होत नाही. 37 अंशांत साधारण दोन दिवसांत तो वर्तुळाच्या रंगाला येतो. मग ती कुपी बाद! एवढीशी खूण, पण मला तिचं फार अप्रूप वाटतं.

भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला, 2014 मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे. लागण झालेल्या सुमारे 200 जणांत एखाद्यालाच लकवा होतो; बाकीचे धडधाकट दिसतात आणि नकळत तो पसरवत राहतात. म्हणून एकही मूल सुटून चालत नाही.

द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला येतात. त्यांना बूथ कुठला ठाऊक असणार? मग पथकच मळ्यावर जातं. मांडवाखाली झोळी टांगलेली असते. ताई आधी कुपीवरचा चौकोन बघते, बाळाचे गाल हलकेच दाबते, दोन थेंब सोडते आणि डाव्या करंगळीवर शाईची खूण करून पुढच्या बागेकडे निघते.